डोंगरीचे पंखधारी पाहुणे आणि छायाचित्राचा खरेपणा

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनची बस धरली की हळूहळू इमारतींची दाटी विरळ होते आणि मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी गावे एकामागून एक येऊ लागतात. कुठे खारफुटीची हिरवी भिंत, कुठे मिठागरांचे उथळ, चकाकणारे वाफे आणि पुढे धारावी बेटाची टेकडी. या टेकडीच्या आधाराने वसलेले गाव म्हणजे डोंगरी. बेथलेहेम माउलीचे चर्च हे गावाचे भूषण. पुढे चौकला गेले की चिमाजीअप्पांचे स्मारक लागते आणि खाडीच्या मुखापलीकडे वसईचा किल्ला दिसतो. १७३९ साली मराठ्यांनी आधी या बेटावरील धारावीचा किल्ला घेतला, मग वसई घेतली. इतिहासप्रेमी या वाटेने त्यासाठी येतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मात्र येथे कॅमेरा घेऊन येऊ लागलो, तो हिवाळ्यातील पाहुण्यांसाठी.

हे पाहुणे फार दुरून येतात. लांब, खाली वळलेल्या चोचीचा कोरल युरोप व आशियाच्या उत्तर भागातून येतो. करडा चिखल्या तर थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशातून. भाईंदरच्या खाडीत छोटे रोहित, म्हणजे ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो, तेही उतरतात. हे पक्षी संख्येने दिसतात म्हणून ते सुरक्षित आहेत, असे मात्र नाही. जगातील जीवांच्या स्थितीची लाल यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेने २०२४ मध्ये करड्या चिखल्याला 'असुरक्षित' गटात टाकले. कोरल आणि छोटा रोहित 'संकटसमीप' मानले जातात. कोरलाचाच एक भाऊबंद, सडपातळ चोचीचा कोरल, २०२५ मध्ये अधिकृतपणे नामशेष ठरला. त्याची शेवटची निःशंक नोंद १९९५ च्या फेब्रुवारीत मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची. तेव्हा घेतलेली छायाचित्रे आज त्या संपूर्ण जातीची अखेरची साक्ष होऊन बसली आहेत. ती टिपणाऱ्यांना त्या क्षणी याची कल्पना कशी असणार?

म्हणूनच संकटातील पक्ष्याचे छायाचित्र हा केवळ छंद राहत नाही. तो एक दस्तऐवज असतो, आणि दस्तऐवजाला दोन अटी असतात. तो मिळवताना कोणाचे नुकसान होता कामा नये, आणि मिळाल्यावर त्यात खाडाखोड होता कामा नये.

पहिली अट पाळण्यास समुद्रच मदत करतो. ओहोटीला हे पक्षी चिखलावर दूरवर विखुरतात आणि किडे, शिंपले, खेकडे टिपत राहतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि सारे थवे मिठागरांच्या बांधांवर विश्रांतीला येतात. आपल्या घरी अष्टमी-चतुर्दशी सांभाळली जाते, त्यामुळे आपल्याला हे गणित सोपे जावे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची मोठी भरती, तर अष्टमीच्या आसपास भांगाचे मंद पाणी. उधाणाच्या दिवशी भरतीपूर्वी तासभर आधी जाऊन बांधाच्या आडोशाला खाली बसावे. पक्ष्यांच्या मागे धावण्याची गरजच उरत नाही. पाणी त्यांना आपल्या बाजूला आणते. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला धरला आणि सूर्य पाठीशी ठेवला, की डोळ्यात प्रकाशाचा ठिपका उमटतो आणि चित्र जिवंत होते.

येथेच संयमाची कसोटी लागते. पक्ष्याने चरणे थांबवून मान उंच केली, की तो आपल्याला सांगत असतो, 'आता पुढे येऊ नका.' त्यानंतर टाकलेले पाऊल त्याला उडायला लावते. हजारो किलोमीटर परतीचा प्रवास करायचा असलेल्या जिवाच्या अंगावरील चरबी म्हणजे त्याची शिदोरी. विनाकारण घडवलेले प्रत्येक उड्डाण त्या शिदोरीतून घास काढते. उडणारा थवा छान दिसतो म्हणून टाळ्या वाजवणारे मी पाहिले आहेत. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे किंवा घरट्याशी घुटमळणे हेही तसेच. खाडीवर कुरवांना शेव-गाठी टाकणे अनेकांना जीवदया वाटते. पण तळलेले, खारट अन्न हा त्यांचा आहार नव्हे. सूक्ष्म जीवालाही त्रास नको म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या परंपरेला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

दुसरी अट घरी, संगणकासमोर पाळायची असते. कॅमेऱ्याची मूळ रॉ फाईल फिकी व निस्तेज दिसते. तिचे संस्करण करावेच लागते. प्रकाश थोडा वाढवणे, पाण्यावरील निळसर झाक काढणे, कडा योग्य ठिकाणी कापणे, दाणेदारपणा कमी करणे, हे सारे योग्यच. पण मर्यादा कोठे आहे? करड्या चिखल्याच्या पंखाखाली, काखेत, काळा डाग असतो. उडताना तीच त्याची ओळख. सावल्या उजळण्याच्या भरात तो डाग पुसला गेला, तर पक्षी सुंदर दिसेल, पण ओळखता येणार नाही. रोहिताची पिले करडी असतात आणि वयाबरोबर गुलाबी होतात. रंग गडद करण्याची कळ जास्त सरकवली, की त्यांचे वयच खोटे ठरते. काही पक्ष्यांच्या पायात अभ्यासकांनी बसवलेली रंगीत कडी असतात. चित्र बिघडवते म्हणून ते कडे पुसून टाकणे म्हणजे त्या पक्ष्याच्या प्रवासाचा पुरावाच नष्ट करणे. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता एका आज्ञेसरशी मागची वीजतार काढून तेथे सूर्यास्त रंगवून देते. बँकेच्या खातेवहीत चुकीच्या नोंदीवर खोडरबर चालत नसे. दुरुस्ती स्वतंत्र नोंदीने, सहीनिशी होई. मीही मूळ फाईल तारीख-वेळेसह जशीच्या तशी जपतो आणि संस्कारित प्रत वेगळी ठेवतो.

खोट्या नोंदीची किंमत किती मोठी असते, हे आपल्या खानदेशातील रानपिंगळ्याने जगाला दाखवले. या घुबडाचा अखेरचा खरा नमुना १८८४ चा. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याचा दावा केला. प्रत्यक्षात त्याने संग्रहालयातील जुना नमुना चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून रानपिंगळ्याचा शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली आणि खऱ्या नोंदींच्या आधारे १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह शहाद्याजवळ तो जिवंत पाहिला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे २०१४ मध्ये तो आपल्या जवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. नटवलेला नमुना आणि नटवलेले छायाचित्र यांत तत्त्वतः काय फरक आहे?

डोंगरीला आज अशा खऱ्या नोंदींची निकड आहे. मेट्रो मार्गिका ९ च्या कारशेडसाठी येथील जागा निवडली गेली आणि हजारो झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर २०२५ मध्ये नागरिकांनी हरकती घेतल्या. मेट्रो आपल्यालाही हवी आहे. शहराची गरज खोटी नाही. परंतु जमाखर्च मांडताना दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. टेकडीवर व खाडीकाठी कोण राहत होते, कोण दरवर्षी येत होते, हे कोणी लिहूनच ठेवले नाही, तर त्या बाजूला शून्यच दिसेल. पक्ष्यांना हरकतीचा अर्ज भरता येत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी चांगला कॅमेरा आहे, निवृत्तांकडे वेळही आहे. या हिवाळ्यात नातवंडांना घेऊन एखाद्या उधाणाच्या दिवशी या बाजूला यावे. दूर बसावे, शांत बसावे, आणि टिपलेले छायाचित्र तारीख व ठिकाणासह ई-बर्डसारख्या नोंदवहीत जमा करावे. ते साधे असले तरी चालेल. ते खरे असावे.