वेगळा कप

माझ्या मायच्या अंगावर गाठी होत्या. हरभऱ्याएवढ्या, काही बोराएवढ्या. पाठीवर, दंडावर, कपाळावर. बोटानं दाबलं की मऊ, आत जाणाऱ्या. पोटावर, मांडीवर चहाच्या रंगाचे डाग. डाग लहानपणापासूनचे. गाठी न्हाण आल्यावर आल्या आणि दर बाळंतपणात वाढत गेल्या.

गाव म्हणायचं, महारोग. पाटलीण रोजाचे पैसे वरून टाकायची. त्यात नवं काही नव्हतं. गाठी नसत्या तरी वरूनच टाकले असते. पण आमच्या वस्तीतही, आमच्याच लग्नात, माय पंगतीच्या टोकाला बसायची. आणि घरात तिचा कप वेगळा होता. कान तुटलेला, चुलीमागं पालथा घातलेला. आजीनं वेगळा ठेवला. मी तो ओलांडून दुसरा उचलायचो.

कॉलेजात गेलो. मोर्चे, भित्तीपत्रकं, भाषणं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे सांगताना माझा आवाज चढायचा. सुट्टीत गावी आलो आणि पोरं घेऊन हॉटेलवाल्याला आमची वेगळी कपबशी काढायला लावली. रात्री माय म्हणाली,

"हाटलातली काढलीस, लई बेस केलंस. चुलीमागली कवा काढनार?"

मला बोलता आलं नाही. माझ्या काखेत तेव्हा बारीक ठिपके होते, पाठीवर डाग होते. म्हणून भर उन्हाळ्यात मी फुल बाह्यांचा शर्ट घालायचो. माणसाच्या प्रतिष्ठेवर बोलणारा मी, स्वतःच्या कातडीला भ्यायचो.

पुढं मला मुलगी झाली. तिच्या अंगावर तेच डाग. बायकोच्या माहेरचे म्हणाले, ग्रहणात काही चिरलं असेल. मी माय, मुलगी घेऊन सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मुलीचे डाग मोजले. लहान मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग असले की शंका घ्यायची, म्हणाल्या. मग त्यांनी मायच्या कपाळावरची गाठ उघड्या हातानं दाबून पाहिली. माय घाबरली.

"बाई, हात धुवा वो."

"कशाला? हा लागट आजार नाही."

आजाराचं नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस, प्रकार पहिला. गाठी मज्जातंतूंवरच्या, बहुतेक साध्या, कॅन्सरच्या नव्हेत. रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरानं १८८२ सालीच हे लिहून ठेवलंय. सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड असतो. ते जनुक १९९० साली सापडलं. आईला किंवा बापाला असेल तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. जवळपास निम्म्या रुग्णांच्या घरात मात्र आधी कुणालाच नसतो, बिघाड नव्यानंच होतो. तीनेक हजार जन्मांमागं एक. यात ग्रहण कुठं आलं? मागच्या जन्माचं पाप कुठं आलं?

आणि महारोग असता तरी? तोही औषधानं बरा होतो. त्यालाही वेगळा कप कशाला?

त्या दिवशी घरी आल्यावर मी चुलीमागचा कप घेतला आणि त्यातून चहा प्यालो. माय बघत राहिली. म्हणाली, "कान न्हाई त्याला, पोळंल." पोळलाच.

माय आता नाही. मुलगी अर्ध्या बाह्यांचे कपडे घालते. कुणी विचारलं तर आजाराचं नाव सांगते.

दोस्तहो, तुमच्या वस्तीतही असं कुणी असेल. त्याला अंगाऱ्या-धुपाऱ्याकडून सोडवा. डोळे, रक्तदाब, पाठीचा कणा दरवर्षी तपासायला न्या. गाठ एकाएकी वाढली, दुखायला लागली, घट्ट झाली तर एक दिवसही थांबू नका. क्वचित तीत कॅन्सर होतो. त्रास देणारी गाठ शस्त्रक्रियेनं काढता येते. ज्या लहान मुलांच्या खोलवर पसरलेल्या गाठी कापता येत नाहीत, त्यांच्यासाठी २०२० साली अमेरिकेत सेल्युमेटिनिब या औषधाला मान्यता मिळाली. समूळ बरं करणारं औषध अजून नाही.

पण हे सगळं नंतर. आधी त्याच्या घरी जा. त्याच्या कपातून चहा प्या.