तो शहाणा होता का?

जुन्या पार्लेकरांशी गप्पा मारताना 1968 साल हमखास निघतं. उकाडा असला तरी खिडक्या लावून घ्यायच्या, ओट्यावर झोपायचं नाही आणि रात्री पोरांनी काठ्या घेऊन गल्लीत गस्त घालायची, असे ते दिवस होते. मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांच्या डोक्यात कुणीतरी लोखंडी हत्यार घालत होतं. मी मानसशास्त्रज्ञ आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग सांगा, तो रामन राघव वेडा होता की बनेल?"

आरोपींच्या तपासणीचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणं मला कधीच बरोबर वाटलं नाही, कारण हा खटला या दोन शब्दांत मावतच नाही.

1965-66 मध्ये पूर्व उपनगरांत असेच हल्ले झाले होते. तेव्हा राघव पोलिसांच्या हाती लागला होता, पण पुराव्याअभावी सुटला. 1968च्या ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला रस्त्यात ओळखून धरलं. तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. राघव काही दिवस तोंड उघडेना. मग त्याने कोंबडीचं जेवण मागितलं, ते मिळाल्यावर तो बोलू लागला. कुठे कुणाला मारलं आणि हत्यार कुठे लपवलं, हे त्याने स्वतः नेऊन दाखवलं. एवढं ऐकून बहुतेक जण म्हणतात, "जागा आठवते, हत्यार लपवता येतं, मग वेडा कसला!"

सत्र न्यायालयातही डॉक्टरांचं एकमत नव्हतं. पोलीस सर्जनने महिनाभर निरीक्षणाखाली ठेवून मनोविकार नसल्याचं सांगितलं. बचाव पक्षातर्फे आलेल्या नायर रुग्णालयाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान केलं. फाशीची शिक्षा झाली आणि राघवने अपील करायलाच नकार दिला. पुढे उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. त्या तिघांनी त्याची पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास मुलाखत घेतली. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट ही. पाच वेळा जाऊन बसायचं, घाई करायची नाही, माणसाला बोलू द्यायचं.

त्यांच्यासमोर राघव जे बोलला ते विलक्षण होतं. जगं दोन आहेत, एक हे आणि एक 'कानून'चं. देशात तीन सरकारं आहेत : अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं. ती आपला छळ करतात, आपल्याला मोहात पाडतात. लोक आपल्याला बाई बनवायला टपले आहेत, पण आपण एकशे एक टक्के पुरुष आहोत. निघताना डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा त्याने तो घेतला नाही. आपण 'कानून'चे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं तो म्हणाला. मंडळाने त्याला मनोरुग्ण ठरवलं आणि फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. 1995 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने वारला.

स्किझोफ्रेनिया माणसाची अक्कल सरसकट पुसून टाकत नाही. असा रुग्ण तिकीट काढतो, सुटे पैसे मोजून घेतो, वस्तू लपवतो. त्याचं वागणं बाहेरून सुसंगत दिसतं, पण ते ज्या कारणावर उभं असतं ते कारणच भ्रमाचं असतं. म्हणून 'काय केलंस' हे मी पहिल्या भेटीत विचारत नाही. झोप कशी होती, जेवण कोण करायचं, घरात कुणाशी बोलणं बंद झालं, असं विचारते. एका तरुणाला विचारलं, "घरचं पाणी कधीपासून पीत नाहीस?" तो लगेच म्हणाला, "दिवाळीपासून. आई त्यात काहीतरी मिसळते." गुन्हा मे महिन्यातला होता. मधल्या सहा महिन्यांत त्याने बाहेरच्या नळावर बाटली भरल्याचं शेजाऱ्यांनीही पाहिलं होतं. सोंग घेणारा असं बोलत नाही. तो बसताक्षणी आवाज ऐकू येतात म्हणून सांगतो. खरा रुग्ण बहुधा ते दडवतो.

आणि निदान झालं म्हणजे सुटका, हाही गैरसमजच. जुन्या दंडसंहितेचं कलम 84, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 22, वेगळंच विचारतं : कृत्य करताना मनोविकारामुळे त्या कृत्याचं स्वरूप, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे कळण्याची क्षमता आरोपीला नव्हती का? ते दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते, आणि ते सोपं नसतं.

आता दुसरा खटला पाहा. पुण्यात 1976-77 मध्ये जक्कल, सुतार, जगताप आणि शाह या कमर्शियल आर्टच्या विद्यार्थ्यांनी जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांसह दहा जणांचे जीव घेतले. 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. तिथे कसले आवाज नव्हते की 'कानून'चं जग नव्हतं. पैसा होता आणि एकमेकांच्या सोबतीने वाढत गेलेली हिंमत होती. क्रौर्य मोठं म्हणजे आजारही मोठा, असं गणित मांडणाऱ्यांनी हे दोन खटले शेजारी ठेवून वाचावेत.

अशी सोपी गणितं जुनीच आहेत. इटालियन डॉक्टर लोंब्रोसोने 1876 मध्ये गुन्हेगार चेहऱ्यावरून आणि कवटीवरून ओळखता येतो असं लिहिलं. ते शास्त्रात कधीच मोडीत निघालं, पण आपल्या बोलण्यातून अजून गेलेलं नाही.

मनोरुग्ण म्हणजे गुन्हेगार, या समजाची किंमत कोण मोजतं, ते मी रोज पाहते. स्किझोफ्रेनिया असलेला मुलगा नियमित गोळ्या घेतो, पोळीभाजी केंद्राचे डबे पोचवतो. सोसायटीत कुणाला त्याचं निदान कळलं की लगेच घरमालक 'जागा बघा' म्हणतो. अशा रुग्णांपैकी बहुतेकांनी कधीही कुणावर हात उगारलेला नसतो. उलट मारहाण, फसवणूक आणि हेटाळणी त्यांच्याच वाट्याला जास्त येते. उपचार नसणं, त्यात व्यसनाची भर, आणि घरच्यांनी भीतीने किंवा लाजेने दार लावून घेणं, धोका वाढतो तो यांमुळे.

म्हणून वाचकांना एकच विनंती. घरात कुणी पाणी वेगळं पिऊ लागलं, रात्र रात्र जागू लागलं, शेजाऱ्यांबद्दल न पटणारं काही सांगू लागलं, तर त्याच्याशी वाद घालू नका आणि लपवूही नका. मुंबईच्या कूपर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेली मानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.