फुकट

परवा रात्रपाळी करून आलो. केसांत कापूस, डोळ्यांत झोप. तरी वही काढून ह्या अंकासाठी लिहीत बसलो. आई चुलीपाशी होती. म्हणाली, "ह्याचं किती मिळणार?"

"काय न्हाय."

"मग तुझ्या पणज्याची येठबिगार काय वायली होती?"

सवाल छातीत रुतला.

पणजा महार वतनदार. गाव वाळवा तालुक्यातलं. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, सगळा साताराच. पणज्याला अक्षर येत नव्हतं, पण गावची शीव तोंडपाठ. कुठला दगड कुणाच्या बांधाचा, ओढा कुठनं फिरला, सगळं डोक्यात. तंटा झाला की त्यालाच पुढं घालायचे. सरकारी टपाल त्यानंच न्यायचं, वसूलही त्यानंच पोचवायचा. आज मोजणीच्या कामाला पगार आहे. त्याला काय होतं? तुकडाभर इनाम जमीन आणि दारोदार मागून आणलेलं बलुतं. म्हणजे हक्काच्या पगाराला भिकेचं रूप. १८७४ च्या वतन कायद्यानं रात्रंदिवस बांधलेला. तो नसला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं.

१९०० साली बाबासाहेबांचं नाव शाळेत पडलं ते ह्याच साताऱ्यात. १९२८ साली त्यांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं. कामं ठरवून द्या, बलुत्याऐवजी रोख द्या, ज्याला सुटायचंय त्याला सुटू द्या. वतन जायला मात्र १९५९ उजाडलं.

आणि त्याच दिवसांत ते स्वतः काय करत होते? १९२७ ला काढलेलं 'बहिष्कृत भारत' चालवत होते. परदेशी पदव्यांचा बॅरिस्टर एकट्यानं रकानेच्या रकाने लिहून काढत होता. पदरात दमडी नाही.

मग ही येठ का नाही? पणज्याला 'न्हाय' म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी स्वतःहून पत्करलं, तेही आपल्या माणसांसाठी. फुकटच्या कामाला मी आता दोनच गोष्टी विचारतो : नको म्हणता येतं का, आणि घाम कुणाच्या पदरात पडतो?

गेल्या महिन्यात गिरणीतल्या एका साहेबानं निरोपसमारंभाला गाणं मागितलं. "तुमच्यात कला जन्मजात असते, पैसे कसले घेतोस?" मी नाही लिहिलं. तेव्हापासून सलग रात्रपाळी लागलीय. लागू दे. 'न्हाय'ची किंमत पणज्याच्या वेळेपेक्षा स्वस्तच आहे.

हे सगळं आईला ऐकवलं. तिनं भाकरी उलटली. "जयंतीला दोन पायल्यांच्या भाकऱ्या थापते. मला कुणी इचारलं व्हतं?"

दोस्तांनो, माझी वाचाच बसली. आपल्या पत्रकावर वक्त्यांची नावं असतात, हार घालणाऱ्यांची असतात. भाकरीला नाव नसतं.

येत्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीत पोरांनी पीठ मळायचं ठरलंय. आई म्हणते, "आदी भाकरी उलटायला शिक."

शिकतोय. बोटं भाजतायत.