ठराव आणि दावा

आमच्या युनियनमध्ये पाठिंब्याचे ठराव लिहायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. अक्षर बरं, मराठी बरी, आणि 'आपल्या न्याय्य लढ्यात आम्ही खांद्याला खांदा लावून उभे आहोत' हे वाक्य मी झोपेतही लिहू शकते. गिरणी कामगारांची घरं, अंगणवाडी सेविकांचं मानधन, कंत्राटी सफाई कामगार, पॅलेस्टाइन... विषय बदलतो, मजकूर फारसा बदलत नाही. ठराव एकमताने मंजूर होतो, एक प्रत संबंधितांना जाते, एक फायलीत लागते, आणि चहा येतो. याची चेष्टा मी करणार नाही. एकटा पडलेला माणूस अनोळखी युनियनचं पत्र घडी घालून खिशात ठेवतो, हे मी पाहिलंय. पत्रानंतर आपण काय करतो, एवढंच मला सांगायचंय.

किसान सभेचा लाँग मार्च ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघाला. कसारा घाट उतरून, शहापूर-भिवंडी-ठाणे करत ११ तारखेला, रविवारी, तो विक्रोळीला आमच्या कन्नमवार नगरपाशी हायवेवर आला. अख्खी वसाहत रस्त्यावर होती. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, केळी, आणि टाचा फुटलेल्यांसाठी चपला. कधी कुणाच्या मोर्चात न गेलेली माणसं रडत होती. ते रडणं खरं होतं, त्याबद्दल मला शंका नाही. आम्ही खास सभा न घेता ठरावही केला, तो मीच लिहिला.

त्या रात्री मोर्चेकरी सोमय्या मैदानावर होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना वाहतुकीचा त्रास नको म्हणून पाच-सहा दिवस चालून आलेली ती माणसं झोप सोडून मध्यरात्रीनंतर उठली आणि अंधारातच आझाद मैदानाकडे चालू लागली. यासाठी कुणी कुठे ठराव केल्याचं ऐकिवात नाही. सोमवारी सरकारने लेखी आश्वासन दिलं, वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचे, दावे सहा महिन्यांत निकाली काढू म्हणून. लोक विशेष गाड्यांनी घरी परतले. आमच्या बिल्डिंगमध्ये चपला गोळा करायला काढलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र राहिला.

सुरगाणा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने हायवेवर माझा नंबर घेतला होता. पावसाळ्याआधी त्याचा फोन आला. पैसे नको होते, कपडेही नको होते. "ताई, दाव्याचं अपील लिहायचंय. नकाशा काढून देणारं कोणी मिळंल का?"

मी ग्रुपवर टाकलं: दोन-तीन जण हवेत, शनिवार-रविवार, लिहिणारे आणि नकाशा समजणारे. हात जोडल्याची चित्रं आली. मुठी आल्या. 'तुझ्यासारख्यांमुळेच' अशी सुरुवात असलेले दोन परिच्छेद आले. कुणी अकाउंट नंबर मागितला, कुणी तिथे रेंज असते का विचारलं. शेवटी बाजूच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त ड्राफ्ट्समन तयार झाले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मोर्चाच्या दिवशी ते घरात बसून टीव्ही बघत होते आणि लाल झेंड्याबद्दल त्यांचं मत अजूनही फारसं चांगलं नाही.

नाशिकहून दिंडोरी, वणी करत एसटीने सुरगाणा, तिथून जीपने गाव. शेतकऱ्याने खतांच्या गोणीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या होत्या. त्याच्या बापाने जंगलात अतिक्रमण केलं म्हणून दंड भरल्याच्या. कागद घड्यांवर फाटलेला, शाई तपकिरी पडलेली. ज्या पावतीने बापाला गुन्हेगार ठरवलं, तीच आता मुलाचा सर्वांत पक्का पुरावा होती, कारण २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून चालतो, असं नियमच सांगतात. पण टेबलापलीकडचा माणूस आधी पावतीच मागतो. पावती उंदराने खाल्ली असेल, तर माणूस मुंबईपर्यंत चालून गेला तरी उपयोग नाही.

हा गडी कसतो जवळजवळ पाच एकर. मंजूर झाले अकरा गुंठे. का, ते लेखी कुणी दिलं नव्हतं. दावा फेटाळला किंवा क्षेत्र कापलं तर कारण लेखी कळवायचं, आणि त्यावर साठ दिवसांत अपील करता येतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण साठ दिवस मोजायचे कुठून? तोंडी सांगितलेल्या दिवसाला तारीख नसते.

तात्या नागलीच्या शेताच्या कडेकडेने मोबाइलवर जीपीएस लावून फिरले. "पूर्वेला कोण?" "माझा चुलता." "चुलत्याचा बांध कुठे संपतो?" यावर चुलत्या-पुतण्याची जुंपली. दोन्ही घरं मोर्चात एकाच झेंड्यामागे होती, आणि मोहाच्या एका झाडावरून बोलणं बंद होतं. संध्याकाळपर्यंत ते झाड सामाईक ठरलं. तात्यांनी नकाशावर त्याला बारीक वर्तुळ काढलं.

अर्ज उतरवताना मी बायकोचं नाव विचारलं. तो म्हणाला, "तिचं कशाला? प्लॉट माझ्याच नावावर आहे ना." कायद्याप्रमाणे नवरा-बायको दोघांचीही नावं लागतात; विवाहिताला हक्क संयुक्त द्यायचा, असं कलमच आहे. मी तेच समजावत होते, तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापणारी ती मान वर न करता म्हणाली, "चालायला होते ना मी? तेव्हा एकाचेच पाय मोजले काय?" तो हसला, मग गप्प झाला. मी तिचं नाव लिहिलं. चळवळीची भाषणं बाईच्या हक्कावर चांगलं बोलतात, ती मीही लिहून दिली आहेत. पण त्या गावात आधी भरलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यात त्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी आडवी रेघ होती. मुंबईकरांच्या चपला आणि पुढाऱ्यांची भाषणं इथे एकाच जागी कमी पडत होती: कोणी बसून रकाने भरत नव्हतं.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे नामंजूर झालेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, त्या आठवड्यात मी आणखी एक ठराव लिहिला. कडक होता. गावातून फोन येत होते ते वेगळेच: आमचा दावा नामंजूर आहे की नाही, हे कुठल्या कागदावरून ओळखायचं? अपील दिल्याची पोच, तारखेच्या शिक्क्यानिशी, ज्यांच्याकडे होती त्यांचा जीव जरा भांड्यात पडला. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. त्याच महिन्यात दुसरा लाँग मार्च नाशिकबाहेर पडला आणि वाटाघाटीनंतर तिथेच थांबला. हायवेवर कुणी आलंच नाही, त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये कुणाला तो मोर्चा आठवतही नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये शेतकरी पुन्हा निघाले, या वेळी दिंडोरीहून. मुंबईत न येता वाशिंदला मुक्काम पडला. वाशिंद म्हणजे कसारा लोकलचं स्टेशन. ठाण्याहून गाडीत बसलं की तासाभरात उतरता येतं. मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "विक्रोळीला कधी पोचणार ते कळव, स्वागताला उभे राहू." ठाण्यापलीकडची लोकल एवढी लांब असते, हे मला तेव्हा कळलं. आम्ही दोघंच गेलो, तात्या आणि मी. तात्यांनी नेहमीप्रमाणे वाटेत झेंड्यावर टीका केली आणि झोळीत नकाशांची गुंडाळी घेतली होती.

त्या शेतकऱ्याची बायको तिथे भेटली, नवरा गावी गुरांपाशी होता. अपिलावर क्षेत्र वाढलं होतं, तरी निम्म्याहूनही कमी मंजूर झालं होतं, आणि या वेळी आदेश लेखी हातात होता, त्यावर दोघांची नावं. आदेशाच्या तारखेपासून साठातले किती दिवस उरले, ते तिने आधीच मोजून ठेवले होते. जिल्हास्तरीय समितीकडे जायचं ठरलं. तात्यांनी रविवारचा दिवस सांगितला, मी शनिवारच्या रजेचं बघते म्हटलं. तिने नकाशाच्या झेरॉक्स मुंबईहूनच आणायला बजावलं, "तीन आणा. सुरगाण्यातल्या मशीनवर रेषा उमटत नाहीत, आणि मागल्या खेपेला साहेब म्हणाला, यात मोहाचं झाड कुठंय?"