कुंभार्ली चढण्याआधी

गुहागरहून कराडकडे जाणारा रस्ता चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग ओलांडतो आणि पिंपळी, शिरगाव, पोफळी करत सह्याद्रीच्या पायथ्याला भिडतो. मे महिन्याच्या दुपारी या नाक्यावर गाड्यांची रांग लागली की माणसांपेक्षा इंजिनांचे हाल जास्त होतात. आम्ही पुण्याला निघालो होतो आणि एका कंटेनरच्या मागे इंच इंच सरकत होतो. आत्या म्हणाली, "अगं, तुझा एसी गरम हवा टाकतोय." मी हात लावून पाहते तोवर डॅशबोर्डवर थर्मामीटरचं लाल चिन्ह उजळलं.

आमच्या गाडीला तापमानाचा काटा नाही. अलीकडच्या कित्येक छोट्या गाड्यांना नसतो. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल, आणि मधल्या सगळ्या टप्प्याबद्दल गाडी गप्प. काटा काढून टाकला ही चालकाची केलेली मोठी गैरसोय आहे असं माझं ठाम मत आहे, कारण काटा हळूहळू चढताना दिसतो आणि विचार करायला वेळ देतो. लाल दिवा लागतो तेव्हा वेळ संपत आलेली असते. म्हणून लांबच्या प्रवासात मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक छोटं ओबीडी यंत्र लावते. ते ब्लूटूथवरून मोबाइलला आकडे पाठवतं. आत्ता मोबाइल ११४ अंश दाखवत होता. एरवी ही गाडी ९० ते ९७ च्या पलीकडे जात नाही.

एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं आणि थोडी उष्णता तिथून बाहेर पडते. चिपळूणच्या उकाड्यात वर हीटर! आत्याने पदराने वारा घेतला, पण हूं की चूं केलं नाही. चार गाड्या पुढे सरकल्या, नाका सुटला, रस्ता मोकळा झाला. साठच्या वेगात आकडा उतरू लागला. ११०, १०३, ९६. लाल दिवा विझला.

निम्मं निदान इथेच झालं होतं. गाडी पळत असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याची गरज पडत नाही. पंखा लागतो तो गाडी उभी असताना किंवा रखडत चालताना. म्हणजे रांगेत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर संशय पंख्यावर घ्यायचा. याच्या उलट, सुसाट चालताना तापत गेली तर रेडिएटर तुंबला असेल, थर्मोस्टॅट उघडत नसेल, किंवा ज्याला गॅरेजवाले वॉटर बॉडी म्हणतात तो पाण्याचा पंप गेला असेल. शिवाय रांगेत एसीही गरम झाला होता. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो आणि त्यालाही याच पंख्याचा वारा लागतो. दोन्ही तक्रारी एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या.

पिंपळीच्या पुढे एका वडाच्या सावलीत गाडी घेतली. बॉनेट उघडलं, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. आत्याचं म्हणणं, "पाणी पाज ना तिला." तिच्या वेळच्या एसट्या घाटात थांबून पाणी प्यायच्या, तिने ते पाहिलंय. पण आताची यंत्रणा दाबाखाली असते. त्या दाबात साधं पाणीही १२० अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवून दाब सोडला की तेच पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं तर त्याहून वाईट, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला तडा जाऊ शकतो. बाजूच्या पांढऱ्या डब्यात कूलंट दोन रेघांच्या मध्ये होतं. खाली ओल नव्हती, होज पाइप कोरडे होते. गळती नाही.

मग इंजिन चालू ठेवून एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरलाच पाहिजे, इंजिन थंड असो की गरम. कॉम्प्रेसरचा 'टक' आवाज आला. पंखा ढिम्म. बॅटरीशेजारच्या डब्याच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो. त्यावरून पंख्याचा फ्यूज काढून उन्हाकडे धरला, तार शाबूत होती. शेजारचा त्याच नंबरचा रिले काढून पंख्याच्या जागी लावून पाहिला, तरी काही नाही. शेवटी इंजिन बंद केलं आणि बॅटरीची तार काढली, कारण काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक फिरतो आणि बोटं जातात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंख्याच्या मोटरच्या पाठीवर हलकेच ठोकलं. तार जोडून पुन्हा एसी लावला, तर पंखा घर्र करत फिरला, अडखळला आणि थांबला.

ठोकल्यावर फिरणारी मोटर म्हणजे कार्बन झिजलेले. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ते दोन काळे तुकडे घासून आखूड झाले की मागची स्प्रिंग त्यांना नीट टेकवू शकत नाही. धक्का बसला की क्षणभर टेकतात.

यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ओबीडी यंत्राने बिघाडाचा एकही कोड दाखवला नव्हता. पंख्यासाठी पी०४८० हा कोड आहे, पण आमच्यासारख्या गाडीत संगणक फक्त रिलेपर्यंतची त्याची स्वतःची तार तपासतो. रिलेने हुकूम घेतला, पुढे मोटर फिरली की नाही, हे त्याला कळतच नाही. स्कॅनर लावून "कोड नाही, गाडी ओके" असं सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवतात तेव्हा मला राग येतो तो यासाठी. बॉनेट उघडून एसी लावायला अर्धं मिनिट लागतं.

अशा पंख्यावर कुंभार्ली घाट चढण्यात अर्थ नव्हता. शिरगावला रस्त्याकडेच्या एका चहावाल्याने अलोऱ्याकडच्या वायरमनचं दुकान दाखवलं. अलोरे म्हणजे कोयना प्रकल्पाच्या वसाहतीचं गाव. वायरमनकाकांनी दोन तारा घेतल्या, पंख्याचा कपलर काढून बॅटरीवरून थेट सप्लाय दिला. पंखा नुसता थरथरला. "ताई, मोटरच. सेन्सर-बिन्सर कुणी सांगितलं तर बदलू नका."

नवी मोटर चिपळूणला मिळाली असती, पण रविवारी दुकानं बंद. काकांनी मोटर उतरवली, मागच्या पत्र्याचे दाबलेले कान पकडीने उचलले आणि झाकण काढलं. आत काळी भुकटी. एक कार्बन जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा उरला होता. त्यांनी एका डब्यातून मोठ्या मोटरचे कार्बन काढले आणि फरशीवर पॉलिश पेपर ठेवून एकेक बाजू घासायला बसले. दोन-चार वेळा ओढायचं, घरात बसवून बघायचं, पुन्हा घासायचं. सैल झाला तर हलेल, घट्ट झाला तर स्प्रिंग ढकलणार नाही. घासता घासता सांगत होते, जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या बुडलेल्या गाड्यांच्या मोटरी उघडूनच हा हात बसला. आत्या मन लावून ऐकत होती. त्या पुरात तिच्या चुलतदिराचं दुकान गेलं होतं.

शेजारी बसलेल्या एकाने मला फुकटचा सल्ला दिला, "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापायचीच नाही." हे आपल्याकडे सर्रास करतात आणि ते चूक आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो तो इंजिनाला योग्य तापमानावर ठेवण्यासाठी. काढून टाकला तर इंजिन थंड राहतं, संगणक जादा पेट्रोल पाजत राहतो आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. वायरमनकाकाच म्हणाले, "पंखा गेलाय आणि थर्मोस्टॅट कशाला काढायचा?"

मोटर बसवून आम्ही निघालो आणि पोफळीनंतर चढ लागला. या डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, चक्रं फिरवतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं, म्हणून भर मे महिन्यात चिपळूणला नदी वाहती दिसते. वर दुसऱ्या गिअरमध्ये आमची गाडी उसाच्या रिकाम्या ट्रकमागे चढत होती. ९४, ९७, ९९. पंख्याचा आवाज आला. ९५, ९३, आवाज बंद. पुन्हा ९९. घाटमाथ्यापर्यंत हेच चक्र चाललं आणि मी ते अतिशय आनंदाने पाहिलं.

हेळवाकच्या पुढे, रस्ता खडबडीत होता तिथे, नवीनच प्रकार. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, पंखा पूर्ण वेगाने सुरू झाला आणि थांबेना. मोबाइलवर तापमान उणे ४०! बाहेर कोयनानगरचं ऊन. कोड आला पी०११८. तापमानाच्या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो, उष्णतेत घटतो. तार सुटली तर रोध अमर्याद, म्हणून संगणकाला ध्रुवावरची थंडी भासते. मग कोणत्याच आकड्यावर भरवसा न ठेवता तो खबरदारी म्हणून पंखा कायम चालू ठेवतो. लाल दिवा इंजिन तापल्याचा असतो, हा पिवळा दिवा संगणकाला माहिती मिळत नसल्याचा. लाल लागला तर ताबडतोब थांबायचं. पिवळा स्थिर असेल तर जवळच्या सोयीच्या जागेपर्यंत जाता येतं.

कोयनानगरला थांबून पाहिलं. सेन्सरच्या कपलरची प्लॅस्टिकची कडी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तुटली होती, कपलर अर्धा बाहेर आला होता. दाबून बसवला, केबल टायने आवळला. मोबाइलवर ९१. कोड पुसला, दिवा विझला. आत्या तोवर धरणाच्या बाजूला बघत १९६७ च्या डिसेंबरातल्या भूकंपाची आठवण सांगत होती. गुहागरला त्यांच्या घरातली मांडणीवरची भांडी पडली होती.

कराडला कोल्हापूर नाक्याच्या गर्दीत एसी लावून बराच वेळ अडकलो. हवा गार, तापमान ९६ च्या खाली. खंबाटकीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

वायरमनकाका निघताना म्हणाले होते, "पुण्यापर्यंत जाईल, पुढचं मी सांगत नाही. नवी घाला." तशी घातली. जुनी मोटर उघडून पाहिली तर त्यांनी घासलेले कार्बन जागच्या जागी, सरळ टेकलेले होते; पण ज्यावर ते टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर खोल चरे पडले होते, आणि त्या चऱ्यांनी ते नवे कार्बनही थोड्याच दिवसांत खाल्ले असते.