दहा बाय बाराच्या खोलीतला प्रतिध्वनी

डोंबिवलीतल्या आमच्या घरात प्रतिध्वनी नाही. दहा बाय बाराची खोली, त्यात पलंग, कपाट, गाद्यांची चळत, जाड पडदे. टाळी वाजवली तर ती जागच्या जागी विरते. गिटारवर नोट वाजवली की ती स्पीकरमधून निघते आणि समोरच्या गादीत जाऊन झोपते. दगडी देवळाच्या मंडपात किंवा रिकाम्या जिन्यात तुम्ही कधी गायला असाल तर तुम्हाला माहीत असेल, आपल्याला जो आवाज भरलेला वाटतो त्यातला बराचसा भिंतींनी दिलेला असतो. आम्हाला तेवढ्या भिंती परवडत नाहीत. म्हणून रिव्हर्ब.

आमचा ॲम्प व्हॉल्व्हचा आहे आणि घरी बनवलेला आहे. दोन ईसीसी८३, दोन ईएल८४, साधारण १५ वॅट, १२ इंची स्पीकर. व्हॉल्व्ह काकांच्या बिस्किटांच्या डब्यातले. काकांनी गिरगावात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले आणि ट्रान्झिस्टर आल्यावरही जुने व्हॉल्व्ह फेकले नाहीत. त्यातले काही बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे आहेत. असले व्हॉल्व्ह एके काळी आपल्या देशात बनायचे, हे माझ्या मित्रमैत्रिणींना अजून खरं वाटत नाही.

सात वर्षांपूर्वी मी सर्किटचा नकाशा आणला आणि काकांनी जोडणी केली. मी फक्त बॅटरी धरायला. त्या जोडणीचा फोटो मी अनेकांना दाखवलाय. सगळ्या वायरी एकमेकींना समांतर, काटकोनात वळलेल्या, दर इंचाला मेणाच्या धाग्याने बांधलेल्या. गेली दोन वर्षं काकांचे हात थरथरतात. पार्किन्सन्स. सोल्डरिंग आयर्न त्यांनी एक दिवस काही न बोलता माझ्या टेबलावर आणून ठेवलं. म्हणजे त्यांनी पूर्ण बांधलेली शेवटची वस्तू हीच. आणि रिव्हर्ब बसवायचा तर नेमकं ते धाग्यांचं बंडल कापावं लागणार होतं.

“चालतोय ना? मग उघडतेस कशाला?” काका म्हणाले.

स्प्रिंगचा रिव्हर्ब ही मला माहीत असलेली सगळ्यात लबाड आणि सगळ्यात प्रामाणिक युक्ती आहे. एका पत्र्याच्या पन्हळीत स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. एका टोकाच्या कॉइलमध्ये गिटारचा सिग्नल सोडला की तिथला बारीक चुंबक स्प्रिंगला पीळ देतो. तो पीळ स्प्रिंगमधून धावत दुसऱ्या टोकाला जातो, तिथल्या कॉइलमध्ये पुन्हा वीज होतो, आणि उरलेला मागे फिरतो. असं येणं-जाणं विरेपर्यंत चालतं. मोठ्या टँकमध्ये एका फेरीला ३३ ते ४१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज ११ ते १४ मीटर जातो. १७ इंचांच्या डब्यात आमच्या अख्ख्या फ्लॅटपेक्षा लांब अंतर बसवलेलं आहे! ही कल्पना हॅमंड ऑर्गनमधून आली. फेंडर कंपनीने १९६१ साली तिची वेगळी पेटी काढली आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बपासून ती थेट ॲम्पच्या पोटात घातली. मोबाइलमधली ॲप्स आज यापेक्षा कितीतरी खरं सभागृह बनवून देतात. पण स्प्रिंगचा आवाज सभागृहासारखा नसतोच, तो स्प्रिंगसारखा असतो, आणि मला तो तसाच हवा होता.

लूपचं प्रकरण जरा वेगळं. माझ्याकडे एक डिले पेडल आहे. गिटार आणि ॲम्पच्या मध्ये ते लावलं आणि ॲम्प फाटेपर्यंत वाढवला, की मूळ नोट आणि तिचे पडसाद एकत्रच फाटतात. खिचडी होते. इफेक्ट्स लूप म्हणजे सिग्नलला वाटेत बाहेर पडायला दार आणि परत यायला दार: प्रीॲम्पमध्ये आवाज आधी फाटून घ्यायचा, मग पेडलमध्ये पाठवायचा, आणि परत आलेला पॉवर व्हॉल्व्हना द्यायचा. पडसाद स्वच्छ राहतात. एक गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही. तुमचा ॲम्प मुख्यतः पॉवर व्हॉल्व्हमध्ये फाटत असेल तर लूप काही कामाचा नाही, कारण फाटणं दाराच्या पलीकडे आहे. शिवाय प्रीॲम्पच्या शेवटी सिग्नल कित्येक व्होल्टचा झालेला असतो. नऊ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलला तो झेपत नाही. जाताना कमी करायचा, येताना पुन्हा वाढवायचा.

हे सगळं मी कागदावर काढून काकांसमोर ठेवलं. त्यांनी सर्किट पाहिलंच नाही. पेन्सिल मागितली आणि कोपऱ्यात फिलामेंटची बेरीज मांडली. आकडे थरथरत होते, बेरीज नाही. दोन ईएल८४, प्रत्येकी ०.७६ अँपिअर. दोन ईसीसी८३, प्रत्येकी ०.३. एकूण २.१२. ट्रान्सफॉर्मरचं ते वाइंडिंग ३ अँपिअरचं. माझ्या नकाशात तीन नवे व्हॉल्व्ह होते: रिव्हर्बच्या स्प्रिंगा हलवायला ईसीसी८१, परत आलेला सिग्नल उचलायला ईसीसी८३ आणि लूपसाठी आणखी एक. बेरीज ३.०२.

“दोनच,” काका म्हणाले.

“०.०२ साठी?”

“उन्हाळ्यात तुझ्या खोलीत पंखा बंद करून बस, मग सांग.”

तेव्हा लूपमधून बाहेर पाठवायचं काम एका मॉसफेटला दिलं, लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो तो ५०० व्होल्टचा. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये सिलिकॉन म्हणजे काहींना सोवळ्यात चप्पल घातल्यासारखं वाटतं. काकांना वाटलं नाही. त्यांचं मन हिशेबाकडे होतं, आणि हिशेब बसल्यावर त्यांनी स्वतःहून ड्रॉवरमधून छोटी कात्री काढली.

“कापायला नको वाटतंय,” मी म्हणाले.

“धागा कापायलाच असतो गं. परत उघडायला लागणार नाही असं मी काही कधी बांधलं नाही.”

ड्रिलिंग, सॉकेट, वायरिंग यात तीन रविवार गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की आत ३२० व्होल्टच्या आसपास डीसी खेळतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून बसतात. आधी ते रेझिस्टरमधून रिकामे करायचे, मग मीटरने खात्री करायची. आणि चालू सर्किटमध्ये मोजताना एक हात खिशात, म्हणजे करंटला छातीतून वाट मिळत नाही. काकांच्या दुकानात शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी हेच सांगितलं जायचं.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा रिव्हर्बसोबत भरपूर हम आला. हे अपेक्षितच असतं. टँकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, आणि शेजारी ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झने गुणगुणत असतो. टँकची आउटपुट कॉइल ते सगळं ऐकते. काकांनी टँक हातात घेतली आणि कॅबिनेटच्या तळाशी सावकाश फिरवत राहिले. त्यांच्या थरथरीने स्प्रिंगा हलायच्या आणि स्पीकरमधून ढग गडगडल्यासारखा आवाज यायचा. ते थांबले, ऐकलं, आणि हसायला लागले. मग मुद्दाम हलवली. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, आभाळ भरून आलंय का विचारायला.

ट्रान्सफॉर्मरपासून लांब, आउटपुटचं टोक उलट्या बाजूला, अशा जागी हम जवळपास गेला. तिथेच फोमवर टँक बसवली.

चेसिसच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर काकांच्या अक्षरात प्रत्येक व्हॉल्व्हचे व्होल्टेज आहेत, पुढे कुणी दुरुस्तीला उघडला तर कळावं म्हणून. मी एका हाताने प्रोब लावत गेले, काका मीटर वाचत गेले आणि मग मी लिहिलं. ईसीसी८१, प्लेट, ३०८. मुख्य सप्लाय आधी ३२६ होता, आता ३१८ भरला. मी काळजीने त्यांच्याकडे पाहिलं.

“दोन नवी बिऱ्हाडं आलीयत,” ते म्हणाले. “पाणी थोडं कमी येणारच.”

मी ३२६ वर एक रेघ मारली, शेजारी ३१८ लिहिलं आणि तारीख घातली.