दहा रकाने

१३ मे २०२५ रोजी दहावीचा निकाल लागला आणि आमच्या धाकटीला ९५.४० टक्के मिळाले. मुंब्र्यातल्या आमच्या इमारतीत त्या वर्षी दहावीची सहा मुलं होती. संध्याकाळपर्यंत सहाही घरांतून पेढे फिरले आणि दुसऱ्या दिवसापासून सहाही घरांत एकच प्रश्न सुरू झाला : कॉलेज कुठलं?

त्या वर्षापासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच झाला. अर्जात जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीक्रमाने लिहायची. दहा रकाने. मुलांच्या अब्बांनी वहीवर आधी कच्चा तक्ता आखला आणि लेकीसमोर ठेवला. तिने पहिल्या रकान्यात एका दमात लिहिलं : रुईया, माटुंगा, विज्ञान शाखा. तिला पुढे मायक्रोबायोलॉजी करायचं आहे. तिच्या विज्ञानाच्या बाई रुईयात शिकलेल्या. वर्गात त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेबद्दल इतकं सांगायच्या, की १९३७ सालचं ते कॉलेज माझ्या लेकीला न पाहताच ओळखीचं झालं होतं.

मी म्हटलं, "जवळचं एखादं लिही ना वर. दहा मिनिटांत घरी येशील."

"अम्मी, दोन ते दहा तुम्ही भरा. पहिलं माझं."

शेजारच्या घरांतही हेच चाललं होतं. मी सहाही घरांचे रकाने जवळून पाहिले. एका हुशार मुलाचं नाव त्याच्या वडिलांनी आधीच एका कोचिंग क्लासमध्ये घातलं होतं. क्लास सांगेल ते कॉलेज लिहायचं, तिथं जायचं फक्त प्रात्यक्षिकाला आणि परीक्षेला. दुसऱ्या मुलाला सकाळचंच कॉलेज हवं होतं, कारण दुपारी मामाच्या दुकानात बसायचं होतं. एका मुलीचे दहाही रकाने मोठ्या भावाच्या नोकरीच्या वाटेवर होते. भाऊ ठाण्याला उतरतो, म्हणून कॉलेज ठाण्याचं. आणखी एका घरात पहिला प्रश्न हिजाबचा होता. चेंबूरच्या एका कॉलेजचा वाद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑगस्टमध्ये हिजाबवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती मिळाली, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या बाई म्हणाल्या, "कोर्टात जिंकायचं की वर्गात शिकायचं?" त्यांना काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही.

कोणत्या कॉलेजात कोणता विषय चांगला शिकवतात, हे मात्र सहा घरांत मिळून दोघांनीच विचारलं. त्यांत एक माझी लेक होती. मी नव्हते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्जाची मुदत संपली. पहिला रकाना तिचा राहिला. ७ जूनला बकरी ईद झाली. ९ जून, सोमवार, कुर्बानीचा शेवटचा दिवस. मी सकाळी वाट्याच्या पिशव्या भरत होते, तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, की मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून माणसं पडली. दोन गाड्या शेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली आली, काही जण दगावले. आमच्या खिडकीतून ते वळण दिसत नाही, पण गाडीचा आवाज येतो. त्या दिवशी प्रत्येक आवाजाला माझा हात थांबत होता.

रात्री मी निकराने बोलले. अर्ज आता बदलता येत नव्हता, पण एक वाट उघडी होती. अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत निम्म्या जागा त्या समाजाच्या मुलांसाठी राखीव असतात आणि त्या कोट्याचे प्रवेश पहिल्या यादीच्या आधी, त्याच आठवड्यात व्हायचे होते. मात्र कोट्यात प्रवेश पक्का केला, की गुणवत्तेच्या फेऱ्यांतून नाव जातं. मी म्हटलं, "आपल्या लोकांचं कॉलेज आहे, जवळ आहे, चांगलंही आहे. उद्या जाऊन नाव घालू."

लेक रडली नाही. तिने विचारलं, "ते चांगलं आहे म्हणून जायचं, की तुला भीती वाटते म्हणून?"

मी गप्प झाले. मला माझी दहावी आठवली. १९९४ साल, रायगडातलं खाडीकाठचं गाव. अब्बा कुवेतला होते. मला पहिला वर्ग मिळाला होता. ज्युनिअर कॉलेज तालुक्याला, संध्याकाळची एसटी कधी यायची, कधी नाही. घरात भांडण झालं नाही, कुणी रागावलंही नाही. "बघू" म्हणता म्हणता जून गेला, जुलै गेला. माझा अर्ज कुठल्या कॉलेजने नाकारला नाही. तो कुणी भरलाच नाही. दादी म्हणायची, "पोरगी डोळ्यांसमोर बरी." तिच्या मायेबद्दल मला आजही शंका नाही. पण तीच माया आता माझ्या तोंडून बोलत होती.

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. मुंबईच्या दंगलीनंतर, १९९३ साली, चालू संसार उचलून त्या मुंब्र्याला आल्या. तशी कितीतरी कुटुंबं तेव्हा इथं आली. त्या म्हणाल्या, "भीतीपोटी आम्ही मुंबई सोडली. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आता पोरीनं भीतीपोटी कॉलेज पण सोडायचं? गाडीची भीती आहे ना, तर गाडीचा इलाज करा."

लेकीने त्या रात्री इस्तिखाऱ्याची नमाज पढली. तिने काय मागितलं, मी विचारलं नाही. मी माझ्यापुरती दुआ केली, की मला खोटं कारण सुचू नये.

दोन दिवसांनी आम्ही मायलेकी भर गर्दीच्या वेळी स्टेशनवर गेलो. पहिली गाडी आली. महिलांच्या डब्याच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. लेक मागे सरली. "ही सोडायची," ती म्हणाली. दुसरीही सोडली. तिसरीत आत शिरता आलं. कळवा, ठाणे, मुलुंड करत गाडी माटुंग्याला पोचली, तेव्हा घरातून निघून दीड तास झाला होता. दुसऱ्या दिवशी पाऊण तास लवकर निघून पाहिलं, तर पहिल्याच गाडीत जागा मिळाली. मग नियम ठरले. लवकर निघायचं. दारात उभं राहायचं नाही. गर्दी असेल तर गाडी सोडायची, लेक्चर बुडालं तरी घरात कुणी बोलायचं नाही. हा शेवटचा नियम माझ्यासाठी होता.

जूनअखेर पहिली यादी लागली. पहिल्या रकान्यातलं कॉलेज मिळालं. पहिली पसंती मिळाली, की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. आम्ही घेतला.

वाचक भगिनींनो, सगळ्यांनी मुलांना दूरच पाठवावं, असं मी म्हणत नाही. त्याच इमारतीतली एक मुलगी जवळच्या कॉलेजात गेली, कारण तिला हवी ती शाखा तिथं होती आणि आजारी आईकडे दुपारी लक्ष द्यायचं होतं. तिने विचारून, पाहून निवडलं. माझं मागणं एवढंच आहे. अर्ज भरण्याआधी मुलांना घेऊन कॉलेज बघून या, तेही कॉलेजच्या वेळी. तिथं शिकणाऱ्या मुलांशी बोला. ग्रंथालय कधी उघडं असतं, प्रात्यक्षिकं खरोखर होतात का, पोशाखाचे नियम काय, हे आधीच विचारा. कोट्यात नाव घालण्यापूर्वी एक रात्र थांबा. आणि पहिला रकाना मुलांना लिहू द्या. मग बाकीच्या नऊंवर घरात हवी तेवढी चर्चा करा.

भीती गेलेली नाही. पाऊस जोरात लागला, की मी अजून खिडकीत जाऊन गाडीचा आवाज ऐकते. रोज सकाळी फोनवर लेकीचा एक शब्द येतो : "उतरले." तो वाचला, की मी चहा ठेवते. सासूबाईंचा आणि माझा.